पात्रं लिहिताना बिग फाइव्ह, एमबीटीआय वगैरे स्वभाव मोजायच्या पद्धती कोणी वापरतं का?

मिरजकर_लेखणी
कादंबरी लिहितोय, स्टँडमागची खानावळ आणि तिथली मेंबर पोरं असा सगळा माहोल आहे. पात्रं वाढली आणि कोण कसं वागेल ते माझंच मला आठवेना, म्हणून एक्सेलमध्ये बिग फाइव्हची शीट केली. नवं करून बघायची हौस, शिस्त, बहिर्मुखता, मिळतंजुळतं घेणं आणि मनाची अस्थिरता, प्रत्येकाला दहापैकी मार्क. खानावळवाल्या शैलामावशींना शिस्तीत ९ दिले. आता झालंय असं की मावशी प्रत्येक सीनला नुसती शिस्तच दाखवतात, वही काढतात, ताटं मोजतात, हिशेब करतात, बस. मित्र वाचून म्हणाला, अरे हा माणूस नाही, भरलेला फॉर्म आहे. एमबीटीआय घेऊ का मग? की एनिआग्राम, ते नऊ स्वभावप्रकारांचं? की सोडूनच देऊ हे सगळं?

निशाचर
एमबीटीआय नको रे बाबा. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या १९२१ च्या पुस्तकावरून कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी ते बसवलं (इझाबेलबाई त्याआधी रहस्यकादंबऱ्या लिहायच्या, हे मला भारी वाटतं). चार जोड्या, प्रत्येकीत इकडे नाहीतर तिकडे, की झाले १६ खण. अगदी मधोमध असलेला माणूसही कुठल्यातरी एका खणात जातो, आणि पुन्हा टेस्ट दिली की भलत्याच खणात निघू शकतो.
बिग फाइव्हच ठेव, पण पाच आकड्यांवर थांबू नको. कोस्टा आणि मॅक्रे या मानसशास्त्रज्ञांच्या चाचणीत प्रत्येक गुणाचे सहा पोटभाग आहेत, एकूण ३०. एकट्या शिस्तीतच नीटनेटकेपणा वेगळा, कर्तव्याची जाणीव वेगळी, विचार करून पाऊल टाकणं वेगळं. मावशींना कर्तव्यात ९ दे आणि नीटनेटकेपणात ३. डबा बाराला म्हणजे बाराला निघणार, पण उधारीची वही कधी पिठाच्या डब्याखाली तर कधी फ्रीजवर, पानांना तेलाचे डाग, आणि हिशेब सगळा तोंडपाठ.

आबा_दिवाळीअंकवाले
एवढ्या लांब कशाला जाता? दासबोधाचा दुसरा दशक काढा. मूर्खलक्षण, रजोगुण, तमोगुण, सत्त्वगुण, शेवटी पढतमूर्ख, समासच्या समास आहेत. समर्थ नुसतं विशेषण लावून मोकळे होत नाहीत, तो माणूस करतो काय ते सांगतात, म्हणजे स्वतःची स्तुती स्वतःच करतो, वाडवडिलांची कीर्ती सांगत बसतो. यातून थेट सीन निघतो, दहापैकी ९ मधून काय निघणार?

कुमुदिनी_पुणे
आबा, वागणं दाखवा हे शंभर टक्के मान्य, पण लक्षणांची यादीसुद्धा शेवटी यादीच ना. माणूस सगळीकडे सारखा वागत नाही, खरी गोम तिथे आहे. वॉल्टर मिशेलने १९६८ साली हाच मुद्दा काढून मानसशास्त्रात खळबळ उडवली होती, की एका प्रसंगातलं वागणं बघून दुसऱ्या प्रसंगातलं फारसं सांगता येत नाही. पुढे त्याने आणि युइची शोडाने उन्हाळी शिबिरातल्या मुलांचं निरीक्षण केलं. एखादं पोर मोठ्यांनी दटावलं की अंगावर जायचं पण बरोबरीच्यांनी चिडवलं तर गप्प, दुसऱ्याचं नेमकं उलटं, आणि हे प्रत्येकाचं जर-तर बऱ्यापैकी पक्कं असायचं. नुसती सरासरी काढली तर दोघंही सारखेच भांडखोर दिसतील.
तुमच्या शीटमध्ये मार्कांशेजारी एक कॉलम टाका, समोर कोण आहे. मेंबर पोरगा दोन महिने पैसे थकवतोय तर मावशी काय करतात, गॅसवाला उशिरा आला तर काय, सख्खा भाऊ दारात आला तर काय. ९ कुणासमोर ढासळतो ते सापडलं की मावशी हलायला लागतील.

मिरजकर_लेखणी
हे करून बघितलं, पोरांचं आणि गॅसवाल्याचं पटकन झालं. भावाशी अडलो होतो, मग एकदम सुचलं की भाऊ आला की मावशी वही लपवतात, त्याच्या नावावर किती बाकी आहे ते त्याच्या बायकोला दिसू नये म्हणून. हे आधी कुठेच ठरवलं नव्हतं! आता बाकीच्या सगळ्यांचे कॉलम भरायला बसतो.

निशाचर
वही भारीच. पण सगळ्यांचे भरू नको, कादंबरी राहील बाजूला आणि एक्सेलच लिहून होईल. मावशी, भाऊ आणि ज्यांच्याशी मावशींचं वाजतं ती दोनतीन पोरं, पुरे. वाढप्याला एक सवय दे आणि सोड.

आबा_दिवाळीअंकवाले
भावाचं प्रकरण सुटी कथा म्हणून होतंय का बघा. अडीच हजार शब्दांच्या आत, आणि बाकी किती होती ते शेवटपर्यंत सांगू नका.