रोज चित्र काढावं, पण रोज टाकावं का?

ओलीशाई

ऑक्टोबर जवळ आला की माझ्या ओळखीतली निम्मी चित्रकार मंडळी नवं ब्रशपेन घेऊन तयार असतात. कारण इंकटोबर. जेक पार्कर या अमेरिकन चित्रकाराने २००९ साली स्वतःचा शाईचा हात सुधारावा म्हणून महिनाभर चित्रं काढायचं ठरवलं आणि बघता बघता जगभर लोक त्यात सामील झाले. ३१ दिवस, ३१ चित्रं. २०१६ पासून दर दिवसासाठी एक शब्द अशी यादीही येऊ लागली. कल्पना चांगलीच आहे. माझं भांडण तिच्या उत्तरार्धाशी आहे. काढलेलं चित्र त्याच दिवशी ऑनलाइन टाकून जगाला दाखवायचं, ही जी सक्ती आपण स्वतःवर लादून घेतो तिच्याशी.

माझं मत असं, की रोज काढणं आणि रोज टाकणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुसरं हळूहळू पहिल्याला खातं. हवेत बोलत नाही. मोबाइलच्या पडद्यावर ठळक काळं-पांढरं उठून दिसतं, पेन्सिलीची हलकी छटा फोटोत धुरकट होते. मग पेन्सिल सुटते. विषय मधोमध येतो, कारण चौकटीत कडा कापल्या जातात. हात जमत नसतील तर माणसांचे हात खिशात जातात. एकदा मांजर चाललं की आठवडाभर मांजरं. रील करायचं असेल तर फोन डोक्यावर टांगायचा, आपलं डोकं मध्ये येऊ नये म्हणून वाकडं बसायचं आणि खोडायचं नाही, कारण खोडताना व्हिडिओ रटाळ होतो. अहो, खोडून पुन्हा काढणं हाच तर सराव!

होकुसाई या जपानी चित्रकाराचं उदाहरण मला फार आवडतं. ऐंशी ओलांडल्यावर, १८४२-४३ च्या सुमारास, तो रोज सकाळी एक सिंह काढायचा. आपले आपले, अनिष्ट टळावं म्हणून. तारखा घातलेली ती पानं आजही दोनशेहून अधिक उरली आहेत. नाचणारे, आळसावलेले, चिडलेले सिंह. ती ना विकायला होती, ना कुणाची वाहवा मिळवायला.

विरोधी मतं ऐकायला आवडतील. मारामारी नको.

लोकल_पेन्सिलवाला

मारामारी करणार नाही, पण साफ असहमत.

ताई, होकुसाईला सकाळी डोंबिवलीहून फास्ट पकडायची नव्हती. माझ्यासारखा माणूस रात्री साडेनऊला घरी येतो, जेवतो आणि सोफ्यावर आडवा होतो. त्या वेळी वही उघडायला लावणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे 'आजचं टाकायचं राहिलंय'. आतली ओढ वगैरे सगळं खरं, पण ती मंगळवारी येते आणि शुक्रवारपर्यंत गायब होते.

आर. के. लक्ष्मण यांचं 'यू सेड इट' हे व्यंगचित्र १९५१ पासून टाइम्स ऑफ इंडियात पाच दशकांहून जास्त काळ येत राहिलं. रोज त्यांचा मूड लागला असेल का? अंक निघायची वेळ ठरलेली होती म्हणून ते निघालं. आपल्याला संपादक नाही, तर शे-दीडशे अनोळखी लोकांनाच संपादक केलं, यात बिघडलं काय?

आणि खोडण्याबद्दल. इंकटोबर म्हणजे शाई. शाईत खोडता येतच नाही, म्हणून तर ती करायची! रेघ ओढण्याआधी विचार करायची सवय लागते. तुमचा तो मुद्दा रीलला लागू असेल, या उपक्रमाला नाही.

ओलीशाई

शाईचा मुद्दा मान्य. पण लक्ष्मण माझ्याच बाजूला येतात! त्यांना त्या कामाचा पगार मिळत होता आणि चित्र छापल्यानंतर दर दहा मिनिटांनी किती जणांना आवडलं ते बघायची सोय नव्हती. तुमचे शे-दीडशे लोक संपादक नाहीत. संपादक चित्र परत पाठवू शकतो. हे लोक फक्त पुढे सरकतात, आणि कशावर सरकले ते तुम्हाला आकड्यात दिसतं.

पडीक_ब्रश

दोघेही आधी चित्रं दाखवा, मग बोला.

(पळतो.)

वाचनवेडी

या विषयावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे, तोही नेमका चित्रांचाच. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी तो १९७३ साली प्रसिद्ध केला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत ज्या मुलांना मुळातच स्केचपेनने चित्रं काढायला आवडायचं, अशी मुलं निवडली. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलं की छान रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही न सांगता नंतर अचानक ते दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या खेळाच्या वेळी टेबलावर तेच पेन ठेवले आणि लपून पाहिलं. बक्षिसाच्या बोलीवर काढलेली मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. शिवाय बक्षिसासाठी काढलेली चित्रं परीक्षकांना कमी दर्जाची वाटली, आणि कोणतं चित्र कुठल्या गटातलं हे परीक्षकांना माहीत नव्हतं.

पन्नास वर्षांपूर्वीचा प्रयोग, लहान मुलांवरचा, हे सगळं मान्य. तरी ओलीशाईंचं म्हणणं त्यात दिसतं.

लोकल_पेन्सिलवाला

वाचनवेडी, तुम्हीच लिहिलेला दुसरा गट परत वाचा. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांचं चित्र काढणं कमी झालं नाही ना? मग झालं तर. लाइक किती मिळतील हे कुठे कुणी आधी सांगतं? मी जीव ओतून काढलेल्या दादर स्टेशनला अकरा, आणि चहाच्या ग्लासाला दोनशे.

वाचनवेडी

त्या मुलांना काही मिळणार आहे याचीच कल्पना नव्हती. तुम्हाला आहे. किती मिळतील ते माहीत नाही, पण मिळतील याची वाट बघतच तुम्ही वही उघडता. अकरा आणि दोनशे हे आकडे तुमच्या लक्षात आहेत, यातच काय ते आलं. आता खरं सांगा, त्यानंतर किती ग्लास काढलेत?

लोकल_पेन्सिलवाला

...बरेच. पण ग्लास छान येतो आता.

ड्रॉइंगमास्तर_कराड

तुम्ही सगळे काढावं की टाकावं यातच अडकलात. बरीच वर्षं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला मुलं बसवली, त्यावरून थोडं लिहितो.

स्थिरचित्रात तांब्या किंवा बादली असतेच. वरून पाहिलं की भांड्याचं तोंड लंबगोल दिसतं आणि बुडाची कडाही लंबगोल. डोळ्याच्या पातळीपासून खाली जाल तसा तो लंबगोल जास्त फुगीर होत जातो, म्हणजे बूड तोंडापेक्षा गोलसर यायला हवं. दहातली आठ मुलं बूड सरळ रेघेने काढतात, कारण भांडं टेबलावर सपाट बसलंय हे त्यांना ठाऊक असतं. डोळ्याला दिसतं ते सोडून डोक्यात असतं ते काढतात. असा तांब्या रोज एक या हिशेबाने वर्षभर काढला तर काय होईल? चूक पक्की होईल. हात इतका सफाईदार होईल की चूक सुंदर दिसेल, आणि मग ती कुणालाच दिसणार नाही.

आता हा तांब्या ऑनलाइन टाका. खाली येणार 'अप्रतिम', 'वाह', दोन हृदयं आणि एक नमस्काराचा हात. बूड सरळ आहे असं कुणी म्हणणार नाही. म्हणायलाही नको, ओळखपाळख नसताना कोण बोलणार? म्हणजे पेन्सिलवाल्यांना वाटतं तसा जगाला दाखवून हात सुधारत नाही. पण ओलीशाईताई, वही कपाटात ठेवली तर कपाटही काही सांगत नाही. बंद वहीतही बूड सरळच राहतं.

रियाज करणारा घरी एकटाच गातो, पण आठवड्यातून एकदा गुरूपुढे बसतो. तो दुसरा भाग दोघांच्याही बोलण्यातून गळलाय. व्हॅन गॉग भावाला, थिओला, पत्रं लिहायचा तेव्हा मजकुराच्या मधेच चालू कामाची रेखाटनं काढून पाठवायचा. आज काय करतोय, कुठे अडलंय, रंग कुठले. चित्रं कळणारा एक माणूस पलीकडे होता, एवढ्यावर त्याचं चाललं. तुमच्याकडे असा एक माणूस आहे का, हे आधी बघा. असेल तर त्याला रोज व्हॉट्सअॅप करा.

ओलीशाई

मास्तर, प्रतिसाद फार आवडला. कपाटाचा टोला बसला.

दूरदेशी_दीपा

मास्तरांचा आदर ठेवून, असा एक माणूस सगळ्यांच्या नशिबी नसतो हो.

मी डब्लिनला असते. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो, ऑफिसात कुणी चित्राचं नावही काढत नाही. मी वही घेतली ती एका बाईची रोजची वाईट रेखाटनं बघून. खरोखर वाईट. वाकड्या बस, पाय नसलेली माणसं. तिने ती रोज टाकली म्हणून मला वाटलं, एवढं तर मलाही येईल. तिने ओलीशाईंचा सल्ला ऐकून वही बंद ठेवली असती तर? निवडून, घासूनपुसून टाकलेली चित्रं बघून कुणी चित्र काढायला लागत नाही, उलट असलेली पेन्सिलही खाली ठेवतं.

अर्बन स्केचर्स ही चळवळसुद्धा अशीच उभी राहिली. सिअॅटलमधल्या गॅब्रिएल कॅम्पनारिओ या वृत्तपत्रात काम करणाऱ्या चित्रकाराने २००७ साली जागेवर बसून रेखाटणाऱ्यांसाठी एक ऑनलाइन गट सुरू केला, आणि आज मुंबई-पुण्यातही तिचे गट आहेत. त्यांच्या जाहीरनाम्यात जागेवर बसून काढणं आहे, पाहिलं त्याच्याशी प्रामाणिक राहणं आहे आणि चित्रं ऑनलाइन वाटून घेणंही आहे. तो त्यांच्या नियमाचाच भाग आहे! भेटीच्या शेवटी सगळ्यांच्या वह्या जमिनीवर ओळीने मांडतात आणि सगळे वाकून बघतात. एकच चौक वीस जणांनी वीस तऱ्हांनी काढलेला दिसतो. मी माझ्या खांबाचा तिरकेपणा तिथेच पहिल्यांदा पाहिला, कुणी न सांगता.

हिशेबनीस

एवढी चर्चा झाली आणि बीपलचं नाव नाही? बीपल म्हणजे माइक विंकलमन हा अमेरिकन डिजिटल चित्रकार, १ मे २००७ पासून रोज एक चित्र करून टाकतो. पहिल्या ५००० दिवसांचं एकत्र कोलाज मार्च २०२१ मध्ये ख्रिस्तीजच्या लिलावात सुमारे ६ कोटी ९३ लाख डॉलरला गेलं. टाका रे बाबांनो, रोज टाका.

ओलीशाई

तो एनएफटीचा, म्हणजे डिजिटल चित्राच्या मालकीचं टोकन विकण्याचा काळ होता, त्या किमतीतलं चित्राचं किती आणि हवेचं किती, यावर वेगळा धागा काढा. मला त्यात दुसरंच महत्त्वाचं वाटतं. सुरुवातीला तो कागदावर हाताने काढायचा, नंतर नवनवी सॉफ्टवेअर शिकण्यासाठी हाच रोजचा नेम वापरला. जमतं तेच टाकत बसला नाही.

लोकल_पेन्सिलवाला

आणि रोज टाकूनही! म्हणजे टाकण्याने माणूस मांजरातच अडकतो हा तुमचा मूळ मुद्दा गेला की.

ओलीशाई

एक माणूस सुटला म्हणून जाळं नाही असं होत नाही.

शून्य_वॉट

एक मुद्दा कुणीच काढला नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामवर सार्वजनिक टाकलेली चित्रं मेटा आपल्या एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरते, हे कंपनीने स्वतःच सांगितलंय. २०२४ मध्ये त्यावरूनच बरेच चित्रकार 'कारा' या चित्रकारांसाठीच्या नव्या ऑनलाइन ठिकाणी गेले. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 'ग्लेझ' नावाचं साधन काढलंय, ते चित्रात डोळ्याला जेमतेम जाणवणारे बदल करतं, म्हणजे यंत्राला शैली नीट उचलता येऊ नये. रोज टाकणाऱ्याने वर्षाला तीनशे पासष्ट नमुने तारीखवार लावून फुकट दिले असं समजा. पोट ज्यांचं चित्रावर आहे त्यांनी तरी विचार करावा.

पडीक_ब्रश

माझे तांबे शिकून एआय बिघडलं तर देशसेवाच.

ड्रॉइंगमास्तर_कराड

:) अवांतर: वर ब्रशपेनचा विषय निघालाय म्हणून सांगतो, बाटलीतली इंडियन इंक फाउंटन पेनमध्ये भरू नका. तिच्यात बहुधा लाख (शेलॅक) असते, वाळली की पेन कायमचं चोंदतं. बोरूने किंवा टाकाने वापरा, नाहीतर फाउंटन पेनसाठीचीच वॉटरप्रूफ शाई घ्या.

ओलीशाई

दीपाताईंच्या वाईट चित्रांच्या मुद्द्याला माझ्याकडे नीट उत्तर नाही, तो ठेवून घेते. बाकी मत तेच. या ऑक्टोबरमध्ये रोज काढणार आणि फक्त रविवारी टाकणार. आठवड्याची सातही पानं एकत्र, न निवडता, फसलेली धरून. लाइकचा आकडा दिसू न देण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, ती चालू करणार.

लोकल_पेन्सिलवाला

'न निवडता' हे पाळून दाखवाच. बुधवारचं फसलं की शनिवारी गुपचूप दुसरं काढून त्या जागी बसवाल, माझी पैज. एका दिवसात टाकायचं असतं तेव्हा ती पळवाट नसते, म्हणूनच मी रोज रात्री बारापूर्वी टाकणार. एक मात्र तुमचं घेतो, महिनाभर ग्लास काढणार नाही. दादर स्टेशनचा जिना काढतो, गर्दीसकट. अकराच येऊ देत.

वाचनवेडी

बघा, अजून मोजताहेत!