१२३४५६७८९८७६५४३२१ : एक्सेल खरं की पोरगी?

सिडकोवाला_बाबा
पोरगी सातवीत. क्लासच्या सरांनी नऊ एक्क्यांचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग हाताने करायला दिला होता, तिने नऊ ओळी मांडून १२३४५६७८९८७६५४३२१ आणलं. मी एक्सेलमध्ये टाकून बघितलं तर तिथे १२३४५६७८९८७६५४३०० येतंय. कोणाचं धरायचं? आणि आकडे असे चढून उतरतात हा योगायोग आहे का?

देवळाली_लोकल
पोरीचं बरोबर. एक्सेल पहिले १५ आकडेच धरतं आणि पुढे शून्यं भरतं, तुमची संख्या १७ आकडी आहे. योगायोग वगैरे काही नाही, तिची वही बघा, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलीये ना, म्हणून उजवीकडून पहिल्या घरात एकच १, दुसऱ्यात दोन, असं करत बरोब्बर मधे नऊ आणि तिथून परत कमी, आणि हातचा कुठेच येत नाही. दहा एक्के घ्या, मधे १० होतात, हातचा सरकतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असं काहीतरी वेडंवाकडं येतं, चढतानाचा ८ गायब. १२१, १२३२१ वाल्या या कुटुंबाला डेम्लो संख्या म्हणतात, आपल्या देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणारे कापरेकर सर, तेच ६१७४ वाले (त्या संख्येला कापरेकर स्थिरांक म्हणतात), त्यांचंच हे काम.

आकडेमोड्या
अजून गंमत. आकड्यांची बेरीज ८१ आणि ८१ ने निःशेष भाग जातो (१५२४१५७८९९७१०४१), म्हणजे हर्षद संख्या, हे नावही कापरेकरांचंच. बेरीज ८१ आहे म्हणून ८१ ने भाग जातो असं मात्र पोरीला सांगू नका, बेरजेवरून फक्त ९ ची खात्री मिळते. इथे १११११११११ ला ९ ने भाग जातो म्हणून त्याच्या वर्गाला ८१ ने. आणि १२३४५६७८ | ९८७६५४३२१ असं तोडून बेरीज करा, ९९९९९९९९९ येते. त्यानेच आपल्या १७ आकडी संख्येला भागा, उत्तर १२३४५६७९. परत ८ गायब!

कोरडा_गणिती
सगळा दहाच्या पायाचा, म्हणजे दहा-दहाने मोजायच्या पद्धतीचा खेळ, दुसऱ्या पायात लिहिली की ही नक्षी गेली. संख्येचे खरे गुण म्हणजे अवयव: ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. एकूण विभाजक ४५, म्हणजे विषम, कारण पूर्ण वर्ग.

देवळाली_लोकल
@कोरडा_गणिती हेच म्हणून त्या काळी कापरेकरांना इथे बाजूला ठेवलं, मग १९७५ ला अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकन मासिकात लिहिलं तेव्हा सगळ्यांना कौतुक. सातवीतल्या पोरीला विभाजक ४५ सांगून ती वही उघडणारे का परत?

सिडकोवाला_बाबा
भांडू नका राव 😄 ती विचारतेय आता पुढे काय करू

आकडेमोड्या
नऊ नव्वांचा वर्ग करायला लावा. ९९९९९९९९८००००००००१ येईल, मधोमध तोडून बेरीज केली की परत ९९९९९९९९९. वर्ग तोडून बेरीज केली की परत स्वतःच मिळते, म्हणून ९९९९९९९९९ ही कापरेकर संख्या. छोटी हवी तर ४५, वर्ग २०२५, २० आणि २५ मिळून ४५.