मदत हवी आहे: खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये मासे ठणठणीत, गोगलगायी मात्र मरतात

चेंबूर_नचिकेत:
लोकहो, जरा घाईत आहे, पटकन सांगा. पहिलाच रिफ टँक (कोरल म्हणजे प्रवाळांचा) आहे, दोन फुटी. क्लाउन माशांची जोडी एकदम मस्त, हात दिसला की खायला वर येतात. काचेवर तपकिरी थर धरायला लागला म्हणून टर्बो गोगलगायी आणल्या, तर त्या काचेवर चढतच नाहीत. वाळूत उलट्या पडून राहतात, सरळ केल्या तरी पाय बाहेर काढत नाहीत, आणि मग पाण्याला वास यायला लागतो. क्लीनर श्रिंप (कोळंबी) आणली, ती सकाळी आडवी. दुकानदार म्हणतो तुमचं पाणी खराब. पाणी मी टेस्ट केलंय, सगळं झिरो आहे. लेकीच्या वाढदिवसाला कोरल टाकायचं कबूल करून बसलोय. तेव्हा लाइट कोणता घ्यावा आणि गोगलगायींऐवजी काय टाकता येईल, एवढंच हवंय. "खाऱ्या पाण्याच्या नादी लागू नका" हा सल्ला कृपया नको, तो घरातून रोज मिळतो.

निनाद_ठाणे:
"सगळं झिरो" म्हणजे काय काय? अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट तिन्ही? मासे रोज खातायत आणि नायट्रेटही शून्य, हे जरा संशयास्पद आहे. एक तर किट शिळं असेल, नाहीतर तुम्ही फक्त अमोनियाच बघितला असेल. टँक कधी लावला? पाण्याचं तापमान किती? सॅलिनिटी (खारेपणा) किती आणि कशाने मोजता? दगड कुठले? माशांना मध्यंतरी काही औषध दिलंत का? हे कळल्याशिवाय लाइटचं बोलण्यात अर्थ नाही.

कुर्ला_रविवार:
निनादभाऊ उगाच लांबण लावतात. हे सरळसरळ ड्रिप (टँकचं पाणी पिशवीत थेंबथेंब सोडून सवय करणं) न केल्याचं प्रकरण आहे. बरेच दुकानदार मीठ वाचवायला आणि माशांवर रोग कमी यावा म्हणून पाण्याचा खारेपणा (घनतेचा आकडा) १.०१८ ते १.०२० वर ठेवतात. तुमचा टँक १.०२५ला असेल तर पिशवी तरंगवून पंधरा मिनिटांत गोगलगाय आत सोडली की ती गेलीच. मासा सोसतो, गोगलगायीला जमत नाही. एअरलाइनच्या नळीला गाठ मारा, सेकंदाला दोन-तीन थेंब, तासभर तरी. मी कुर्ला मार्केटमधून आणलेलं सगळं असंच सोडतो.

अनुताई_डोंबिवली:
मी म्हणते हा खटाटोप हवाच कशाला? गोड्या पाण्यात प्लांटेड टँक लावा. व्हॅलिस्नेरिया, जावा फर्न, निऑन टेट्रा. गोगलगायी तर नको म्हटलं तरी आपोआप होतात. खर्च एक दशांश.

चेंबूर_नचिकेत:
अनुताई, वर काय लिहिलंय ते वाचलंत का?
निनाद, गणपतीनंतर लावला. सायकल (अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया तयार होणं) झाली आहे, बाटलीतले बॅक्टेरिया टाकले होते. औषध कधीच दिलं नाही. तापमान मोजलं नाही, पण हात घातला की थंडच लागतं. सॅलिनिटी दुकानात मिळतो त्या प्लॅस्टिकच्या काट्याने, १.०२४-२५. दगड कोरडे, सिमेंटचे. पाणी नळाचं नाही, फिल्टरचं वापरतो, एवढं कळतं मला.
कुर्ला_रविवार, पहिल्या खेपेला नाही, पण नंतर ड्रिप केलं होतं. तरी गेल्या.

चिलर_म्हणजे_चिलर:
हात घातल्यावर थंड लागणं हे मोजमाप नाही. आपला हात ३३-३४ अंशांचा, ३१ अंशांचं पाणी त्याला थंडच लागणार. रिफला २४ ते २७ पाहिजे. ऑक्टोबर हीटमध्ये मुंबईत बंद टँक, त्यावर लाइट आणि पंप, सहज ३१-३२ जातो. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो, तिथेच श्रिंप मेली. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घ्या, विषय संपला.

कुर्ला_रविवार:
दोन फुटी टँकला चिलर? टँकपेक्षा चिलर महाग. वर दोन छोटे पंखे लावा, दोन-तीन अंश आरामात उतरतं.

चिलर_म्हणजे_चिलर:
पंखा काम करतो तो पाणी उडवून. जून ते सप्टेंबर मुंबईच्या दमट हवेत पाणी उडतंच किती? तेव्हा तुमचे पंखे नुसती शोभा. आणि जेवढं उडेल तेवढी रोज भर घालत बसा.

निनाद_ठाणे:
तुमचं पंखा-चिलर नंतर. नचिकेत, "फिल्टरचं पाणी" म्हणजे नक्की कोणत्या फिल्टरचं? स्वयंपाकघरातला पिण्याचा? त्यात आरओ आहे की नुसता यूव्ही? मुंबईच्या नळाचं पाणी मुळात मऊ, त्यामुळे बऱ्याच घरांत नुसता यूव्ही असतो. यूव्ही जंतू मारतो, पाण्यात विरघळलेलं काहीही काढत नाही.

चेंबूर_नचिकेत:
आरओ आहे. चांगला महागातला, यंदाच घेतला. टीडीएसचा (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा) आकडा समोरच दिसतो, साठ-सत्तरच्या आसपास. आता लाइटचं कोणी सांगेल का?

खारेपाणी:
नळाच्या पाण्याचा टीडीएस शंभरच्या आत, आणि आरओ करूनही साठ-सत्तर? मग तो आरओनंतर काहीतरी परत मिसळतोय. पुढच्या पॅनेलवर "मिनरल", "कॉपर", "तांबे" असं काही लिहिलंय का?

चेंबूर_नचिकेत:
हो, कॉपर आहे. तब्येतीला चांगलं असतं म्हणून बायकोने मुद्दाम तेच मॉडेल घ्यायला लावलं. त्याचा इथे काय संबंध?

खारेपाणी:
सगळा संबंध तिथेच आहे.
समुद्री माशांवर पांढरे ठिपके आले की जे औषध देतात, त्यात बहुतेक वेळा तांबंच असतं. त्याचं प्रमाण लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅमच्या आसपास ठेवतात, आणि औषधाच्या डब्यावर ठळक लिहिलेलं असतं की टँकमध्ये गोगलगायी, कोळंबी, कोरल असतील तर वापरू नका, कारण तेवढ्यात ती मरतात. आता पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक बघा, आयएस १०५००. तांब्याची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत मुभा. म्हणजे माणसाला चालणाऱ्या पाण्यात गोगलगायींचा निकाल लावण्याइतकं तांबं असू शकतं.
दुसरी गोष्ट, उडून जातं ते पाणी, तांबं आतच राहतं. तुम्ही रोज वरून त्याच फिल्टरची भर घालताय. बरं, ती भर मीठ न घालताच घालता ना?
लक्षणंही तीच. पाय आत ओढलेला, काच धरायची ताकद नाही, मासे मात्र मजेत. फक्त उष्णतेने मेलं असतं तर क्लाउनही पाण्याच्या वरच्या थराला येऊन धापा टाकताना दिसले असते. टीडीएस मीटरवर हे कळत नाही, तो फक्त एकूण बेरीज सांगतो. तांब्याचं वेगळं किट मिळतं, ते आणा. आणि सॅलिनिटीसाठी रिफ्रॅक्टोमीटर घ्या. त्या प्लॅस्टिकच्या काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी तो भलतंच दाखवतो.

आजोळ_चिपळूण:
हे काही पटलं नाही. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तांब्याच्या कळशीतलं पाणी पितात. आजोबा तर विहिरीतला मासा आणून तांब्याच्या घंगाळात ठेवायचे, तो चांगला जगायचा.

खारेपाणी:
काका, मासा जगतो असंच तर मी म्हणतोय.

डॉक्टर_नव्हे:
एक शंका. कोळंबीच्या रक्तात मुळात तांबंच असतं ना? हिमोसायनिन. म्हणून तर तिचं रक्त निळसर. मग तिलाच तांबं कसं बाधतं?

खारेपाणी:
असतं, पण ते प्रथिनात बांधलेलं आणि तिला लागतं तेवढंच. पाण्यातलं सुटं तांबं कल्ल्यांवर जाऊन बसतं आणि शरीरातल्या क्षारांचा तोल बिघडवतं.

कुर्ला_रविवार:
मी अजूनही म्हणतो, ड्रिप नीट झालं नसणार. लोक "ड्रिप केलं" म्हणतात आणि मगाने पाणी ओततात. माझा टँक नळाच्या पाण्यावर कित्येक वर्षं चालू आहे.

निनाद_ठाणे:
नळाच्या पाण्यावर चालत असेल, त्यात कोणी तांबं मिसळून विकत नाही. तुमचा मुद्दा चूक नाही, पण त्यांच्या नंतरच्या ड्रिप केलेल्याही गेल्या ना?

देवगड_ते_दादर:
एवढी डोकेफोड कशाला? समुद्र दाराशी आहे. वरळीवरून भरतीच्या वेळी कॅन भरून आणा. फुकट.

चिलर_म्हणजे_चिलर:
आणि त्यासोबत नाल्यांतून आलेलं सगळं फुकट. पावसाळ्यात किनाऱ्यालगतची सॅलिनिटी किती खाली जाते माहीत आहे का?

देवगड_ते_दादर:
खडकांवर कोरल त्याच पाण्यात जगतंय! वरळी-हाजी अलीच्या खडकांवरचे प्रवाळ कोस्टल रोडच्या वेळी उचलून दुसरीकडे लावले, पेपरात आलं होतं. तिथलेच एक-दोन छोटे तुकडे ओहोटीला मिळाले तर नचिकेतचं काम होईल.

सागरगोटा:
थांबा थांबा. हे चुकूनही करू नका. हार्ड कोरल, सी फॅन हे सगळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. कोस्टल रोडलाही ते हलवायला वन खात्याची रीतसर परवानगी घ्यावी लागली होती. तुम्ही ओहोटीला जाऊन तुकडा तोडलात तर जामीन शोधावा लागेल. दुकानात "लाइव्ह रॉक" म्हणून विकतात तोही पुष्कळदा मेलेल्या कोरलचा सांगाडाच असतो. नचिकेतने सिमेंटचे दगड घेतले ते उत्तम केलं.

अनुताई_डोंबिवली:
अहो मग क्लाउनफिशवर पण बंदी आहे ना? २०१७ साली वाचलेलं आठवतंय.

सागरगोटा:
ते वेगळं. २०१७ मध्ये केंद्राने शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी नियम आणले होते, त्यातल्या लांबलचक यादीत क्लाउनही होता. नंतर ते नियम मागे घेतले. पण शक्यतो समुद्रातून पकडलेला घेऊ नये, हॅचरीतला घ्यावा. तो टँकमध्येच वाढलेला असतो, खायला नखरे करत नाही. ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानने हॅचरी काढली आहे.

चेंबूर_नचिकेत:
बरं. थर्मामीटर आणला, दुपारी ३१ दाखवतो. भर बिनमिठाचीच घालतो, तेवढं वाचलं होतं. कॉपर किट मागवलंय. पण समजा तांबं निघालंच तर? सगळा टँक फेकून द्यायचा? दगड-वाळू नवीन आहेत हो.

कुर्ला_रविवार:
दगड काढून मोठ्या पातेल्यात उकळा. सगळं निघून जातं.

खारेपाणी:
नाही! पहिलं म्हणजे उकळून तांबं जात नाही. दुसरं, ही सवय कुणीच लावून घेऊ नका. पुढे त्यांच्या दगडावर झोअँथिड (कोरलसारखे मऊ जीव) येतील, आणि काही झोअँथिडांमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. तसा दगड घरात उकळला की वाफेतून अख्खं घर दवाखान्यात. झोअँथिड हाताळतानाही हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा.
नचिकेत, काही फेकू नका. आधी त्या फिल्टरचं पाणी बंद. मग डीआय रेझिनमधून (ते उरलेसुरले क्षार काढतं) काढलेल्या, टीडीएस शून्य असलेल्या पाण्यात मीठ घालून पाणी बदलायचं. एकदम सगळं नाही, दर खेपेला चौथा हिस्सा, आधी तापमान आणि सॅलिनिटी जुळवून. सोबत तांबं शोषणारं रेझिन किंवा पॅड फिल्टरमध्ये ठेवा, नुसता कोळसा पुरत नाही. दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि हळूहळू परत सोडतात, म्हणून किट एकदा शून्य दाखवलं की नाचू नका. पाणी बदलून आठवडाभराने परत मोजा. तरी शून्य असेल तर एकच गोगलगाय सोडून बघा. ती काचेवर चढून चरायला लागली की पुढे बोलू.

निनाद_ठाणे:
+१. आणि पंखे लावाच. चिलरवाल्यांचं मे महिन्यात बघू.

चेंबूर_नचिकेत:
म्हणजे वाढदिवसाला कोरल नाही.

निनाद_ठाणे:
नाही. पण लाइट आणायला हरकत नाही. सुरुवातीला मश्रूम, झोअँथिड, लेदर असं सॉफ्ट कोरल ठेवणार असाल तर मध्यम ताकदीचा एलईडी पुरे, अमुक वॉट पाहिजेच असं काही नाही. फक्त प्रखरता कमी-जास्त करता येईल असा घ्या आणि तीस-चाळीस टक्क्यांवरून सुरू करा, दिवसाला आठ तास. तपकिरी थर तर नव्या टँकमध्ये येतोच, डायटम (सूक्ष्म शैवाल) असतात, बहुधा आपोआप ओसरतो. त्यासाठी गोगलगायींचा बळी द्यायची गरज नव्हती. जुन्या कार्डाने काच खरवडा.

अनुताई_डोंबिवली:
निऑन टेट्राचं विचारात घ्या, एवढंच म्हणते.

डॉक्टर_नव्हे:
अवांतर: त्या कॉपर फिल्टरचं पाणी आपण प्यावं का मग? आमच्याकडेही तोच आहे.

खारेपाणी:
बिनधास्त प्या, तुम्ही गोगलगाय नाही.
नचिकेत, रेझिन येईपर्यंत थांबायचं नसेल तर मी घाटकोपरला असतो, माझ्याकडे आरओडीआय (आरओ आणि डीआय रेझिन एकत्र) चालू असतो. रविवारी सकाळी या, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वीस लिटरचे कॅन आणा, पण प्यायच्या पाण्याचे. गेल्या वेळी एकजण फिनाइलचा धुऊन घेऊन आला होता, त्याला मी रिकाम्या हाताने परत पाठवला.