तुळस, पुदिना, गवती चहा: कापणीनंतर पाने आधी खुडावीत की फांद्यांसह वाळवावीत?

प्रश्न (हिरवी कुंडी):
घरी वाढवलेली तुळस, पुदिना, रोझमेरी आणि गवती चहा यांची कापणी आता जवळ आली असून वर्षभर पुरतील इतकी पाने वाळवून ठेवण्याचा माझा विचार आहे. याबाबत वाचावे तितके मतभेद वाढतात. कोणी म्हणते की पाने लगेच खुडून पसरावीत, तर कोणी म्हणते की जुड्या बांधून उलट्या टांगाव्यात. मागील खेपेस वाळवलेला पुदिना काळपट पडला होता. तुळशीची पाने हाताला कुरकुरीत लागत होती, तरीही बरणीत भरल्यानंतर ती सादळली आणि त्यांना कुबट वास येऊ लागला. पाने केव्हा खुडावीत आणि पुरती वाळली आहेत हे खात्रीने कसे ओळखावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (वाळवण):
दोन्ही पद्धती बरोबर आहेत. कोणती निवडायची हे तुमच्या खोलीतील हवा ठरवते. हवा कोरडी असेल तर पाने फांदीवरच राहू द्यावीत, कारण देठातील ओल हळूहळू पानांकडे येत राहते, पाने एकदम करपल्यासारखी होत नाहीत आणि हाताळणी कमी झाल्याने सुगंधही टिकतो. हवा दमट असेल तर मात्र फांदी म्हणजे ओलीचा साठाच ठरतो. अशा वेळी पाने त्याच दिवशी खुडून जाळीवर एकेरी थरात पसरणे श्रेयस्कर. साधा आर्द्रतामापक खोलीत टांगून ठेवा. काटा ६० टक्क्यांच्या वर राहत असेल तर जुड्यांचा मोह सोडावा, असे माझे मत आहे.

कापणी सकाळी, दव सुकल्यावर आणि ऊन तापण्यापूर्वी करावी. पुदिना फुलण्याच्या बेताला आला की आणि तुळशीला मंजिऱ्या डोकावू लागल्या की पानांत सुगंधी तेल भरपूर असते. धूळ असेल तर आदल्या दिवशी झाड उभेच धुऊन घ्यावे, कारण कापलेल्या पानांवर चिकटून राहिलेले पाणी वाळवणीचा वेळ विनाकारण वाढवते.

पुदिना काळा पडण्याचे कारण बहुधा हाताळणीत असते. पान चुरगळले की पेशी फुटतात, आतील विकरांमुळे (एन्झाइममुळे) पानातील द्रव्यांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो आणि त्या जागी काळे डाग उमटतात. पान सावकाश वाळले तर या क्रियेला आणखी सवड मिळते. शिवाय तुळस, पुदिना आणि रोझमेरी यांचे तेल पानाच्या पृष्ठभागावरील अतिसूक्ष्म ग्रंथींत असते, भिंगाखाली त्या चकाकणाऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. पाने मुठीत ओरबाडली की त्या फुटतात, आणि हाताला येणारा तो सुंदर वास म्हणजे बरणीतून वजा झालेला वास होय. म्हणून देठ चिमटीत धरून एकेक पान खुडावे किंवा बारीक कात्री वापरावी. पिवळी, किडलेली आणि जमिनीला टेकलेली पाने याच वेळी बाजूला काढावीत.

रोझमेरीचे पान जाड असल्याने सावकाश वाळते, परंतु ओले असताना ते खुडत बसू नये. फांदी वाळल्यावर शेंडा धरून बोटे बुंध्याकडे ओढली की सगळी पाने आपोआप गळून पडतात. गवती चहाचे तेल पात्याच्या आतील पेशींत असते, त्यामुळे तो कात्रीने बोटाच्या पेराएवढा कापून पसरला तरी फारसे बिघडत नाही. त्याची धार बोटे कापते, एवढे मात्र सांभाळावे.

उत्तर २ (माळीकाका):
वरील उत्तराशी मी सहमत आहे. जुड्या बांधायच्याच असतील तर त्या करंगळीएवढ्या जाडीच्या बांधाव्यात आणि सुतळीऐवजी रबर वापरावा. देठ वाळून आकसतात, सुतळी सैल होते आणि जुडी खाली येते. जाड जुडीचा गाभा बाहेरून दिसत नाही, आणि बुरशीची सुरुवात नेमकी तिथेच होते.

माझ्या मते खरा प्रश्न बरणीचा आहे. पानाचा पृष्ठभाग आधी वाळतो, शिरांत आणि देठात ओल शिल्लक राहते. बरणी बंद केली की ती ओल सगळीकडे सारखी पसरते आणि कुरकुरीत पान पुन्हा लवचीक होते. तुमच्या तुळशीचे बहुधा हेच झाले असावे. यावर उपाय असा की बरणी तीन-चतुर्थांशच भरावी, पहिला आठवडाभर रोज उघडून हलवावी आणि पान दुमडून पाहावे. ते मोडले तर ठीक, वाकले तर सगळी पाने पुन्हा जाळीवर टाकावीत. काचेला आतून दमटपणा दिसला तर तासभरही थांबू नये. देठाचीही परीक्षा घ्यावी: तो कट्कन मोडला पाहिजे, नुसता वाकता कामा नये. ताज्या पानांत वजनाच्या सुमारे ८० टक्के पाणी असते आणि नीट वाळलेल्या पानांत ते १० टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणजेच १ किलो खुडलेल्या पानांची साधारण सव्वादोनशे ग्रॅम वाळलेली पाने मिळतात. वजनकाटा असेल तर हा आडाखा बोटांपेक्षा अधिक भरवशाचा आहे.

कुबट वास आलेली बरणी मात्र पूर्ण टाकून द्यावी. वरची पाने काढून खालची वापरणे धोक्याचे आहे, कारण बुरशी डोळ्यांना दिसण्यापूर्वीच पसरलेली असते.

हिरवी कुंडी:
दोघांचेही आभार. आमच्याकडे सध्या हवा अतिशय दमट आहे. दिवसभर पंखा लावला तर भागेल का? की पाने सरळ उन्हात ठेवावीत?

उत्तर ३ (वाळवण):
पंख्याने वाळण्याचा वेग वाढतो, पण पान हवेपेक्षा कोरडे होऊ शकत नाही. ८५ टक्के आर्द्रतेत ते एका टप्प्यावर येऊन थांबते आणि तो टप्पा बरणीत भरण्याजोगा नसतो. त्यासाठी हवा किंचित तापवावी लागते. २७ अंश सेल्सिअसची हीच हवा ३७ अंशांवर नेली की तिची आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली येते, म्हणूनच वाळवणी यंत्राचे तापमान ३५ ते ४० अंशांवर ठेवले तरी काम होते. त्याहून अधिक तापवल्यास पाने लवकर वाळतात, परंतु तेल उडून जाते आणि हाती वास नसलेला पाला उरतो. थेट ऊन टाळावे, कारण उन्हात पान हवेपेक्षाही अधिक तापते आणि त्याचा हिरवा रंग विटतो.

यंत्र नसेल तर या हवेत मोठी कापणी करूच नये. रोज लागेल तेवढेच खुडून ताजे वापरावे, आणि उरलेली झाडे हवा कोरडी होईपर्यंत फुलांचे शेंडे खुडत उभी ठेवावीत.

उत्तर ४ (माळीकाका):
एक पुरवणी. बरणीत पाने अखंडच भरावीत आणि वापरतेवेळी चुरावीत. बरणी काचेची असल्यास ती बंद कपाटात ठेवावी आणि चिठ्ठीवर वनस्पतीच्या नावासोबत कापणीचा महिनाही लिहावा, कारण वर्षभरानंतर वास बराच उतरलेला असतो.