दुसरा व्हॅलेन्टिनियन: खून की आत्महत्या?

रोमवेडा: सध्या रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळाबद्दल वाचतोय आणि दुसऱ्या व्हॅलेन्टिनियनपाशी अडकलोय. ३७५ साली बाप डॅन्यूबच्या काठी क्वाडी लोकांच्या दूतांवर ओरडता ओरडता झटका येऊन गेला आणि पाचच दिवसांत सैन्याने या चार वर्षांच्या पोराला सम्राट करून टाकलं, मोठा सावत्र भाऊ ग्रेशियन सम्राट होताच, पण त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही! आणि १५ मे ३९२ ला व्हिएन्नमधे (गॉलमधलं, म्हणजे आजच्या फ्रान्समधलं, ऑस्ट्रियातलं नाही) हा २१ वर्षांचा मुलगा गळफास लागलेल्या अवस्थेत सापडला. त्याला मारलं की त्याने स्वतःच जीव दिला? तुम्हाला काय वाटतं?

जुनी_नाणी: मला तरी खूनच वाटतो. त्याचा सेनापती आर्बोगास्ट, फ्रँक जमातीचा माणूस, सगळा कारभार याच्याच हातात. सम्राटाने धीर करून त्याच्या हातात बडतर्फीचं पत्र दिलं तर त्याने ते वाचलं, 'हे पद तू दिलं नाहीस आणि तुला काढूनही घेता येणार नाही' म्हणाला आणि तिथेच फाडून टाकलं. इतिहासकार झोसिमसने हे जवळपास शंभर वर्षांनी लिहिलंय, पण तोही खूनच सांगतो.

सांजवेळ: खून ठरवून केला असता तर आर्बोगास्टकडे दुसरा सम्राट तयार नको का? युजेनियसला गादीवर बसवलं ऑगस्टमधे, मधले तीन महिने गादी रिकामी. पूर्वेकडचा सम्राट थिओडोसियसची बायको गाल्ला ही मेलेल्या मुलाची सख्खी बहीण, म्हणजे पूर्वेकडून युद्ध ओढवून घेण्यासारखंच होतं ते, आणि ३९४ मधे फ्रिगिडस नदीवरच्या लढाईत तेच झालं.
शिवाय या मुलाचं आयुष्य बघा ना. मिलानमधे चर्चच्या ताब्यावरून आई जस्टिना आणि बिशप अँब्रोज यांचं भांडण पेटलं तेव्हा तो पंधराच्या आसपास असेल, आपल्याच अधिकाऱ्यांना म्हणाला, अँब्रोजने सांगितलं तर तुम्ही मला बेड्या घालून त्याच्या हवाली कराल. ३८७ मधे गॉल बळकावून बसलेला मॅक्सिमस आल्प्स उतरून आला तर आईबरोबर समुद्रातून थेसालोनिकाला पळावं लागलं. थिओडोसियसने राज्य परत मिळवून दिलं आणि लगेच गॉलमधे आर्बोगास्टच्या नजरेखाली पाठवलं, तोवर आईही गेलेली. त्यात ते पत्र सगळ्यांसमोर फाडलं गेलं. मला आत्महत्या अगदी समजू शकते.

दगडी_पूल: अँब्रोजचं मृत्यूनंतरचं भाषण जरूर वाचा. एके काळी ज्याच्याशी भांडण, त्यालाच या मुलाने बाप्तिस्मा द्यायला बोलावलं होतं आणि तो निघाला तोवर उशीर झाला. अँब्रोज सांगतो की शिकारीचा नाद आहे अशी कुजबुज झाली तर याने पाळलेली सगळी जनावरं मारून टाकायला लावली, लवकर जेवतो म्हणाले तर उपास धरायला लागला. लोक काय म्हणतील याची केवढी धास्ती! मृत्यू कसा झाला ते मात्र अँब्रोज स्पष्ट बोलतच नाही. समोर बसलेल्या बहिणींना एवढंच समजावतो की बाप्तिस्म्याची इच्छा होती, उद्धाराला तेवढी पुरेशी आहे.

रोमवेडा: धन्यवाद सगळ्यांना. ते उपासाचं वाचून पोटात कालवलं. मी आता आत्महत्येकडे झुकतोय, पण तसं असलं तरी आर्बोगास्टला मोकळं सोडायला मन तयार होत नाहीये.