मालकाची थकबाकी, सोसायटीने भाडेकरूकडून वसूल करावी का?

वाकडचा खजिनदार: आमच्या विंगेत एक फ्लॅट भाड्याने दिलाय. मालक परदेशात, दीड वर्ष मेंटेनन्स नाही. भाडं मात्र महिन्याच्या महिन्याला त्याच्या खात्यात पडतं. एप्रिलपासून टँकर सुरू, लिफ्टची एएमसी (वार्षिक देखभाल कराराची रक्कम) वाढली, आणि त्या घराचा वाटा बाकीच्यांच्या माथी. मेसेज केला की निळी टिक येते, उत्तर नाही. थकबाकी फिटेपर्यंत भाडं थेट सोसायटीकडे वळवायचा अधिकार हवा, असं माझं ठाम मत आहे.

डिपॉझिटवाली: वा! माझा करार मालकाशी, डिपॉझिट मालकाकडे. भाडं तुम्हाला दिलं आणि त्याने घर खाली करायला सांगितलं, तर कमिटी मला ठेवून घेणार का? आधीच्या सोसायटीत मालकाच्या थकबाकीपायी माझं पार्किंग स्टिकर अडवलं होतं. रोज रात्री वॉचमनशी हुज्जत. थकवलं कुणी, वैताग कुणाला!

उपविधीप्रेमी: खजिनदार, दीड वर्ष काय केलंत? महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातलं वसुलीचं कलम 101 जुनंच आहे, 2019 च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी 154ब-29 आलं. ठराव करा, नोटीस द्या, सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करा. दाखला मिळाला की जप्तीपर्यंत जाता येतं. पाणी तोडायचा विचार मात्र चुकूनही नको.

वाकडचा खजिनदार: कमिटीत सगळे नोकरी सांभाळून बिनपगारी काम करतात हो. उपनिबंधक कार्यालयात तारखांना कोण जाणार? वकिलाची फीसुद्धा वेळेवर भरणाऱ्यांच्याच पैशातून.

मिसिसागाकर: आमच्याकडे कॅनडात, ऑन्टारिओत, भाडं वळवायचा हा अधिकार आहे. 1998 चा कॉन्डोमिनियम कायदा, कलम 87. मालकाने थकवलं की कॉर्पोरेशन, म्हणजे इथली सोसायटी, भाडेकरूला लेखी नोटीस देतं आणि भाडं तिकडे भरावं लागतं. थकबाकी किंवा देय भाडं, यातली कमी असेल तेवढीच रक्कम. भरलेला पैसा भाड्यातच धरला जातो, त्यामुळे मालक भाडेकरूला थकबाकीदार ठरवू शकत नाही. महाराष्ट्रात हा दुसरा भाग आधी आणा, मग पहिला मागा. आणि हो, इथे थकबाकीपोटी युनिटवरचा (फ्लॅटवरचा) बोजा तीन महिन्यांत नोंदवला नाही तर तो हातचा जातो. दीड वर्ष निळ्या टिका मोजत बसायची सोय नाही!

बाहेरगावचा मालक: मालक म्हणजे चोरच, असं धरून चाललंय. 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशानुसार नॉन-ऑक्युपन्सी (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतलं जाणारं शुल्क) सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर घेता येत नाही. आमच्या कमिटीने ‘भाड्याचे फ्लॅट’ म्हणून मेंटेनन्सच दुप्पट लावला. मी हरकत घेतली, तर ती रक्कम थकबाकीत टाकून वर 21 टक्के व्याज! अशा हिशोबावर माझं भाडं वळवणार? आकडा कमिटीचा, वसुलीही कमिटीची, मग दाद मागायची कुठे?

वाकडचा खजिनदार: दुप्पट लावणं चूकच. पण वादातली रक्कम बाजूला ठेवून बाकीचं भरलंत का? आमचे साहेब तेही भरत नाहीत.

बाहेरगावचा मालक: भरलं, ‘हरकत राखून’ असं लिहून. पावती व्याजात वळती केली.

उपविधीप्रेमी: मग तुम्हीच उपनिबंधकांकडे तक्रार करा. खजिनदार, तुम्ही वसुलीचा ठराव या महिन्याच्या कमिटी मीटिंगला घ्या.

डिपॉझिटवाली: आणि नोटिशीची एक प्रत भाडेकरूलाही द्या. करार रिन्यू करायचा की नाही, ते तरी त्याला ठरवता येईल.