मिरजेत गेम पार्लर: यंत्रे आधी घ्यावीत की परवाना?

मिरजकर:
नमस्कार. मिरजेत एका महाविद्यालयाजवळ वडिलांचा 350 चौरस फुटांचा तळमजल्यावरील गाळा वर्षभर रिकामा पडून आहे. तिथे टोकनवर चालणाऱ्या यंत्रांचे व्हिडिओ गेम पार्लर सुरू करण्याचा माझा विचार आहे. मुंबईतील एक विक्रेता सहा जुनी कॅबिनेटे (पडदा आणि बटणे असलेली खेळाची उभी यंत्रे) आणि खेळणी उचलण्याचे एक क्लॉ मशीन एकगठ्ठा देण्यास तयार आहे, मात्र त्याला या आठवड्यातच विसार हवा आहे. मला सोल्डरिंग येते, परंतु अशी यंत्रे मी कधी उघडलेली नाहीत. सुरुवात कुठून करावी?

जुना पार्लरचालक:
विसार आज देऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 मधील कलम 33 नुसार सार्वजनिक करमणुकीच्या जागांचे परवाने व नियंत्रण यांबाबत नियम करण्याचे अधिकार आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांना, तर इतरत्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांना आहेत, म्हणून तुमची पहिली खेप सांगलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात व्हायला हवी. मी यंत्रे आधी आणली. परवान्याची वाट पाहत चार महिने शटर खाली होते आणि भाडे मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला जात होते. गाळा घरचा असल्याने तुमच्या हाती वेळ आहे, तो वापरा.

जिंकणाऱ्याला रोख रक्कम किंवा रोखीत बदलता येणारे काहीही देऊ नका, कारण तिथे 1887 च्या जुगार प्रतिबंध अधिनियमाचा प्रश्न उभा राहतो. क्लॉ मशीनमध्ये पंजाची पकड मालकाला कमीजास्त करता येते आणि त्यामुळे खेळ कौशल्याचा की नशिबाचा असा वाद होतो. माझ्या मते ते यंत्र पहिल्या वर्षी नकोच.

अग्निसुरक्षेची तपासणी केवळ कागदासाठी करून घेऊ नका. राजकोटच्या गेम झोनमध्ये 25 मे 2024 रोजी लागलेल्या आगीत लहान मुलांसह 27 जणांचा जीव गेला. तुमच्याकडेही मुलेच येणार आहेत.

दुरुस्ती करणारा:
यंत्रे पाहायला जाताना मल्टिमीटर सोबत घ्या. जुन्या कॅबिनेटांत बहुधा जामा पद्धतीचे वायरिंग असते. 1985 च्या या जपानी मानकामुळे 56 पिनांच्या एकाच कनेक्टरवर बोर्ड (ज्यात खेळ असतो ते सर्किट) बदलता येतो, म्हणजे खेळ बदलला तरी सांगाडा, पडदा आणि जॉयस्टिक तेच राहतात. स्ट्रीट फायटर टूसारख्या सहा बटणांच्या खेळाला मात्र वेगळी जोडणी लागते, ती आहे का ते पाहा.

खेळ चालू असताना 5 व्होल्टचा पुरवठा बोर्डाच्या कडेवर मोजा, एसएमपीएसच्या, म्हणजे यंत्राला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या टोकाला नव्हे. एका पार्लरमध्ये खेळ मध्येच बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होई आणि मुले टोकन परत मागत. मी आठवडाभर बोर्डालाच दोष देत होतो. एसएमपीएसपाशी 5.0 दिसत होते, पण बोर्डापाशी 4.7, कनेक्टरमधील एक पिन तापून तपकिरी झाली होती. पिन बदलली आणि तक्रार संपली.

रोज झिजतात ते बटणांखालचे मायक्रोस्विच. पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला ते मिळतात. दोन डझन गल्ल्यात ठेवा. पिक्चर ट्यूबला मात्र शिकवणाऱ्याशिवाय हात लावू नका, कारण वीज बंद केल्यावरही तिच्यात हजारो व्होल्टचा भार राहू शकतो.

वाचक, कोल्हापूर:
एका बोर्डात शेकडो खेळ भरून विकतात, त्यांपासून दूर राहा. त्यांतील बहुतेक खेळ हक्कधारकाच्या परवानगीविना भरलेले असतात. घरगुती वापराची कन्सोल तासाच्या भाड्याने लावतानाही हीच अडचण येते.

मिरजकर:
सर्वांचे मनापासून आभार. विक्रेत्याला थांबायला सांगितले आहे आणि क्लॉ मशीन नको असेही कळवले आहे. सोमवारी सांगलीला जातो. आग लागल्यास बाहेर पडायला गाळ्याला मागे दार आहे, पण त्यासमोर शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाक्या आहेत. त्या हलवल्याशिवाय पुढचे काहीच ठरवणार नाही.